गरम हातमोजे घेण्याआधी

थंडीचा कडाका वाढला की हल्ली बाह्यरुग्ण विभागात एक नवा प्रश्न कानावर येतो. "डॉक्टर, बॅटरीवर गरम होणारे हातमोजे मिळतात म्हणे, घ्यावेत का?" विचारणारा बहुधा साठीच्या आसपासचा शेतकरी असतो आणि मोजे मागवणारा असतो चाकण किंवा रांजणगावला नोकरीला असलेला त्याचा मुलगा. मोबाइलवरचे चित्रही दाखवले जाते. बर्फात उभा असलेला माणूस, हातात काळे जाडजूड मोजे आणि मनगटावर छोटा लाल दिवा. मुलाची काळजी खरी आहे. पण मिरजगावच्या शिवारात बर्फ नाही, पाणी आहे, आणि मोजे निवडताना सगळा फरक तिथेच पडतो.

डिसेंबर-जानेवारीत राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांच्या यादीत निफाडबरोबर आपल्या नगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, नाव हमखास असते. पारा एक आकडी होतो. तरीही बोटे गोठून काळी पडण्याचा हिमदंश इथे होत नाही. त्यासाठी तापमान शून्याखाली जावे लागते. आपल्याकडे जे होते ते वेगळे. बोटांवर लाल-जांभळ्या, खाजणाऱ्या, आग होणाऱ्या सुजी येतात; त्यांना आम्ही चिलब्लेन म्हणतो. भेगा पडतात. आणि तासन्‌तास गार, ओल्या अवस्थेत राहिलेल्या हातापायांच्या नसा दुखावतात. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या चिखलात उभ्या राहिलेल्या हजारो सैनिकांचे पाय असेच निकामी झाले होते, आणि त्यासाठी पाणी गोठावे लागले नव्हते. रात्री दोन वाजता गव्हाला दारं धरणारा माणूस त्या खंदकापासून वाटतो तितका दूर नाही.

पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेते. त्यामुळे दहा अंशांच्या कोरड्या हवेत जो हात तासभर तग धरेल, तोच ओला झाला की थोड्या वेळात बधिर होतो. गरम मोज्यांची गोम इथेच आहे. त्यांच्या मनगटाजवळच्या कप्प्यात लिथियमची बॅटरी असते आणि तिथून बोटांच्या पाठीवरून बारीक तारा गेलेल्या असतात. बोटांच्या पाठीला ऊब मिळते, तळवा मात्र खोऱ्याच्या दांड्यावर गारच राहतो. बारे फोडताना चिखलात हात घातला, अस्तर भिजले, की बॅटरीची सगळी ताकद ते पाणी तापवण्यात जाते. 'पाण्याचा परिणाम होत नाही' असे लिहिलेल्या बहुतेक मोज्यांना पावसाचे शिंतोडे सोसतात. पाटात बुडवणे सोसत नाही. काही हजार रुपये घालून ओल्या कापडात हात ठेवायचा, हा व्यवहार मला पटत नाही.

दारं धरणाऱ्याने काय घालावे? आत लोकरीचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा पातळ मोजा आणि वरून कोपरापर्यंत येणारा रबरी मोजा. रबरी मोजा एक माप मोठा घ्या. घट्ट मोज्यात रक्त खेळत नाही आणि ऊब धरणारी हवाही उरत नाही. आतला मोजा सुती नको. सूत घाम पिते आणि गार पडते, लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते. आतल्या मोज्यांचा दुसरा कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा आणि मध्यरात्री बदला. हा सगळा सरंजाम काही शे रुपयांत होतो. एक गोष्ट कटाक्षाने पाळा. फवारणीला वापरलेले मोजे थंडीसाठी घालू नका. औषध अस्तरात मुरलेले असते आणि रात्रभर घामेजलेल्या कातडीतून ते अंगात जाऊ शकते.

मोज्यांच्याही आधी छाती आणि डोके झाका. अंगाचा गाभा गार पडू लागला की शरीर तो वाचवण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळते. मग मोजे कितीही महागाचे असोत, बोटांपर्यंत गरम रक्तच पोहोचत नाही. कानटोपी, स्वेटर आणि वारा अडवणारे जाकीट असेल तर निम्मे काम तिथेच होते. आपल्या भागातल्या धनगरांना हे कुणी शिकवावे लागत नाही. त्यांचे घोंगडे आधी अंगावर येते.

गरम मोजे ज्याला खरोखर उपयोगी पडतील तो माणूस वेगळा आहे. पहाटे पाचला मोटारसायकलवर कॅन बांधून गावोगाव दूध गोळा करणारा. त्याचे हात कोरडे असतात, मुठी हँडलवर स्थिर असतात आणि वारा थेट बोटांच्या पाठीवर, म्हणजे नेमका तारांच्या जागी, लागतो. नगर-सोलापूर रस्त्यावर पहाटे गाडी चालवलेल्या कुणालाही या वाऱ्याची धार माहीत आहे. त्याने घ्यावेत, पण हातात घालून पाहून. ब्रेक आणि क्लच नीट दाबता आले पाहिजेत. उष्णतेच्या किमान तीन पायऱ्या असाव्यात. जाहिरातीतले बॅटरीचे तास सगळ्यांत कमी उष्णतेचे असतात हे गृहीत धरा. बॅटरी फुगली किंवा मोजा एका जागी जास्त तापू लागला तर वापर ताबडतोब बंद करा आणि रात्री उशाशी चार्जिंगला लावू नका. हँडलवर बसणारे रेक्झिनचे कव्हर मात्र आधी वापरून पाहा. ते दिसायला गबाळे असते, पण वारा छान अडवते.

ज्यांनी हे मोजे घालूच नयेत असेही लोक आहेत. ज्यांच्या हातांची जाणीव कमी झाली आहे असे सगळे, म्हणजे बरीच वर्षे मधुमेह असलेले आणि कुष्ठरोगातून बरे झाले तरी बधिरपणा राहिलेले. चव्वेचाळीस अंश हे तापमान ऐकायला फार वाटत नाही, पण त्या तापमानाची वस्तू कातडीला पाच-सहा तास चिकटून राहिली तर भाजते. शाबूत हात आधीच मागे खेचला जातो. बधिर हाताला ते कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो. शेकोटीचेही तसेच. गारठलेली बोटे निखाऱ्यावर धरू नका, कढत पाण्यात बुडवू नका. काखेत धरा किंवा कोमट पाण्यात ठेवा, आणि मधुमेह असेल तर ते पाणी घरातल्या दुसऱ्या कुणाला कोपर बुडवून पाहू द्या.

मोजे काढून ठेवायचीही ठिकाणे आहेत. कडबाकुट्टीजवळ कोणतेही मोजे नकोत. फिरत्या यंत्रात मोज्याचे टोक अडकले की मागे हात जातो. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्याला ही जखम वर्णन करून सांगावी लागत नाही. मोटारीच्या स्टार्टरला ओल्या मोज्याने हात लावणेही तितकेच वाईट. ओली लोकर वीज अडवत नाही.

थंडीत कुणाची बोटे आधी पांढरीफटक, मग निळी आणि ऊब मिळताच लालबुंद होत असतील, तर त्याचे उत्तर दुकानात शोधू नये. फ्रेंच डॉक्टर मॉरिस रेनॉ यांनी 1862 मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव त्याला आहे. पुष्कळांत तो निरुपद्रवी असतो. काहींत मात्र त्यामागे संधिवाताच्या जातीचा आजार दडलेला असतो. हातात वर्षानुवर्षे थरथरणारे यंत्र धरणाऱ्यांनाही तो होतो. बोटांच्या टोकांवर जखमा होत असतील तर वेळ घालवू नये. रक्तदाबाची प्रोप्रॅनोलॉल, अटेनोलॉल यांसारखी औषधे हात गार करू शकतात. ती मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावे. तंबाखू-बिडीने बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतात, आणि दारूने ऊब आल्यासारखे वाटते तेव्हा अंगातली उष्णता बाहेर चाललेली असते.

आता मोज्यांपलीकडचे. माणूस रात्री दोन वाजता पाण्यात उभा का असतो? वीज तेव्हा येते म्हणून. शेतीपंपांची वीज आळीपाळीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि तिच्या पहिल्या प्रकल्पांसाठी निवडलेल्या गावांत आपल्याच जिल्ह्यातले राळेगणसिद्धी होते. 2023 मध्ये योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. रात्रीच्या विजेच्या विरोधात बिबट्याचा मुद्दा मांडला जातो, आणि तो रास्तच आहे. त्याच्या जोडीला थंडीचाही मुद्दा मांडला पाहिजे. ज्या फीडरला अजून दिवसा वीज पोहोचलेली नाही, त्याला निदान डिसेंबर आणि जानेवारी हे दोन महिने दिवसाची पाळी आधी द्यावी, असे मला डॉक्टर म्हणून वाटते. साठीच्या, रक्तदाब असलेल्या माणसाच्या हृदयालाही गारठ्यातले ते तास महाग पडतात.

कांदा लावणाऱ्या बायकांचा प्रश्न तर विजेनेही सुटत नाही. ओल्या वाफ्यात बोटभर रोप चिमटीत धरून रोवायचे काम जाड मोज्यांत होत नाही आणि उक्त्या कामात हात मंदावला की पैसे बुडतात. त्यांच्यासाठी एवढे करता येईल : भांडी घासायचे पातळ रबरी मोजे शेतमालकाने द्यावेत, बांधावर कोमट पाण्याची बादली आणि कोरडे फडके असावे, आणि लागवड सातऐवजी उन्हे वर आल्यावर नऊला सुरू करावी. संध्याकाळी हाताला खोबरेल चोळायला विसरू नये. भेगा तेवढ्याने बऱ्याच भरतात.