पंप वाढवण्याआधी पाटे मोजा



सीतादही झाले, वेचणीला जोर आला की गावोगाव एकच विचार सुरू होतो : यंदा जुनी का होईना, आपली डिझेल पिकअप घ्यावी. विचार चुकीचा नाही. 1972 साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीच्या काळात आपलाच कापूस राज्याबाहेर न्यायला आपल्याला बंदी होती. ती बेडी तुटली. पण ज्याच्याकडे गाडी नाही त्याला आजही बाजार एकच, दारात काटा घेऊन येणारा खेडा खरेदीवाला. भाड्याची गाडी केली तर जिनिंगच्या रांगेत खोटीचे पैसे चढतात आणि भाव पाडला तरी माल परत आणायची छाती होत नाही. माल परत आणता येतो, एवढे समोरच्याला कळले तरी त्याची जीभ मऊ होते.

म्हणून गाडी जरूर घ्या. माझे भांडण आहे ते घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी गॅरेजात जाऊन ‘दम वाढवून’ घेण्याच्या खुळाशी. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवायचे, मागे दोन पाटे जादा टाकायचे, फाळके हातभर उंच करायचे. आणि ज्या गाडीवर हे सगळे करायचे ती निवडताना आपण पाहतो काय? रंग, टायर आणि इंजिनाचा आवाज. बैल घेताना दात पाहतो, खूर पाहतो, जुंपून चालवून पाहतो. लाखांची गाडी मात्र उभ्या उभ्या!

गाडीखाली पोते टाकून आडवे व्हा. मागचे पाटे जिथे चेसिसला अडकवलेले असतात तिथे तडा आहे का, वेल्डिंगचा टाका आहे का, ते बघा. पाटे मोजा आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी ताडून पाहा. आधीच्या मालकाने जादा पाटा टाकलेला असेल तर विकणारा ते कौतुकाने सांगेल. तुम्ही त्याचा अर्थ असा घ्या की ही गाडी वर्षानुवर्षे पेलवत नाही इतके ओझे वाहत आली आहे. एक्सल, बेअरिंग, क्लच सगळ्यांनी ते भोगले आहे. इंजिन रात्रभर थंड झालेले असताना सकाळी तुमच्यासमोर चालू करायला लावा. चालू इंजिनाची ऑइलची टोपी उघडल्यावर धुराचा जोराचा फुत्कार आला तर रिंग-पिस्टन थकले समजा.

अशा इंजिनाला जादा डिझेल पाजणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला पराणी टोचणे. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणजे ते पुरते जळत नाही. मागून निघणारा काळा धूर हा आपलाच पैसा असतो. वर उष्णता वाढते आणि हेड, पिस्टन जातात. 2017 नंतरच्या बीएस-4 आणि 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत तर हा सगळा कारभार कॉम्प्युटरच्या हाती आहे. तिथे हात घालणारा मिस्त्री तालुक्याला सापडणे कठीण. बहुतेक गाड्यांचा दम मुळात हरवलेलाच असतो, वाढवायचा नसतो. आपल्या धुळीने एअर फिल्टर तुंबतो, कापसाच्या तुसाने रेडिएटरची जाळी भरते, नोझल झिजतात, टर्बोचा पाइप फुटतो. हे दुरुस्त केले की गाडी मूळ ताकदीवर येते, आणि आपल्या कामाला ती पुरते.

दुसरी गोष्ट ओझ्याची. ज्वारीची पोती थोड्या जागेत वजन घालतात. कापूस आणि कडबा वजनाआधी जागा खातात. म्हणून फाळके उंचावतात आणि भरलेली गाडी वळणावर कलते. पाटे वाढवले तरी ब्रेक तेवढेच राहतात, हे कोणी ध्यानात घेत नाही. कायद्याचेही ऐका. कंपनीने दिलेल्या बनावटीत आरटीओच्या मंजुरीशिवाय बदल केला तर 2019 च्या दुरुस्तीनुसार दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही; जादा ओझ्याला 20,000 रुपये आणि वर दर जादा टनाला 2,000. कोणी म्हणेल, भाव रास्त मिळाला असता तर दोन खेपा केल्या असत्या, एका खेपेत दोन खेपांचा माल कोण हौसेने भरतो? खरे आहे. मीही तेच म्हणतो. पण एक्सलला उत्पादनखर्च कळत नाही. आणि त्याच गाडीत मागे वेचणीच्या बाया बसवलेल्या असतात. मालगाडीत बसवलेल्या माणसांचा अपघात झाला तर विमा कंपनी हात झटकू शकते. भरपाई मालकाच्या वावरावर येते. गेलेली बाई तर कशानेच भरून येत नाही.

पंप वाढवायला बाजूला काढलेले पैसे आधी ब्रेक, क्लच आणि रेडिएटरवर घाला. आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का ते पाहा. सातबाऱ्यावरच्या बोजासारखाच तोही फेडल्याशिवाय उतरत नाही. आठ वर्षांवरच्या मालगाडीला दर वर्षी फिटनेस लागते, तो कागद चालू आहे का विचारा. सौद्याला जाताना मिस्त्री आपला न्या, विकणाऱ्याचा नको. सोबत ज्वारीची दहा पोतीही न्या, आणि भरल्या गाडीने जवळचा चढ चढून, उतरून पाहा.