राज्यफूल पाठ आहे, पण पाहिलंय का?

"महाराष्ट्राचे राज्यफूल कोणते?" असं वर्गात विचारा. "ताम्हण!" हे उत्तर लगेच येतं. "कुणी पाहिलंय?" म्हटलं की वर्ग गप्प. यात मुलांचा दोष नाही. ताम्हण फुलतं एप्रिल-मेमध्ये, म्हणजे परीक्षा आणि सुट्टीच्या दिवसांत.

म्हणून माझं मत असं, की शाळेच्या आवारात ताम्हण लावाच, पण शेजारी त्याचं धाकटं भावंडही लावा. ते म्हणजे क्रेप मर्टल. दोघांची प्रजाती एकच, लॅजरस्ट्रोमिया. ताम्हणाचा वृक्ष होतो, हे मात्र झुडूपच राहतं, मोठ्या कुंडीतही वाढतं. मुख्य म्हणजे ते पावसाळ्यात फुलतं, तेव्हा शाळा भरलेली असते.

शिकवायला तर हे झुडूप फारच सोयीचं. फूल हातात द्या. चुरगळलेल्या कागदासारख्या सहा पाकळ्या मुलं स्वतः मोजतील. मग डाळिंबाचं फूल दाखवा. त्याच्याही पाकळ्या तशाच चुरगळलेल्या! डाळिंब, मेंदी, ताम्हण ही सगळी एकाच कुळातली. हे सांगण्याआधी मुलांना ओळखू द्या.

याची फुलं नव्या फुटीवर येतात. त्यामुळे थंडीत पानं गळली, की पालवी फुटण्याआधी हलकी छाटणी करायची. काही फांद्या छाटा, काही तशाच ठेवा, दोन्हींना वेगळ्या रंगाचा दोरा बांधा. पावसाळ्यात कुठे किती तुरे आले, ते मुलं वहीत लिहितील. मात्र खोडापर्यंत तोडू नका, झाडाचा आकार बिघडतो.

जागा उन्हाची हवी, रोज निदान सहा तास. भिंतीआड सावलीत लावलं तर फुलं कमी आणि पानांवर पांढरी भुरी जास्त.

काही पालक म्हणतात, "त्यापेक्षा फळझाड लावा, उपयोग तरी होईल." फळझाडही लावा ना! पण जे झाड मूल वर्षभर निरखतं, त्याचा उपयोगही कमी नाही.

खरी अडचण मे महिन्याची आहे. वृक्षारोपणाचा फोटो निघतो आणि सुट्टीत रोप वाळतं. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागेल. शाळेजवळ राहणाऱ्या दोन-तीन पालकांनी वार वाटून घेतले, तर एवढं सहज जमेल. रोप आणण्याआधी पालकसभेत ही नावं ठरवून घ्या.