चार पुतळ्यांमधला संपादक

१० ऑगस्ट २०२५च्या रात्री गाझा शहरातील अल-शिफा रुग्णालयाबाहेर पत्रकारांच्या तंबूवर हल्ला झाला आणि अल जझीराचा बातमीदार अनस अल-शरीफ सहकाऱ्यांसह मारला गेला. तो २८ वर्षांचा होता. इस्रायली लष्कराने हल्ल्याची जबाबदारी झटकली नाही. हा पत्रकार नव्हेच, हमासच्या तुकडीचा म्होरक्या होता, असे सांगितले. अल-शरीफने आणि अल जझीराने हा आरोप आधीच फेटाळला होता. या आरोपामुळे त्याच्या जिवाला धोका आहे, असा इशारा ‘कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स’ या संस्थेने जुलैमध्येच दिला होता. पंधरा दिवसांनी खान युनिसच्या नासेर रुग्णालयात आणखी पाच पत्रकार गेले. त्यांत रॉयटर्ससाठी करारावर काम करणारे कॅमेरामन हुसाम अल-मसरी होते, असोसिएटेड प्रेससाठी काम करणाऱ्या मरियम दग्गा होत्या.

सणाच्या अंकाची सुरुवात अशा बातमीने करू नये, हे आम्हाला कळते. पण हा अंक सोलापुरातून निघतो, आणि या गावाने असा एक संपादक गमावलेला आहे.

मे १९३०मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि सोलापूर उसळले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, शंकर शिवदारे हा तरुण बळी गेला. जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकी पेटवली, दोन पोलीस मारले गेले. सरकारी अंमल काही दिवस गावातून नाहीसा झाला आणि काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी शहर सांभाळले. १२ मेपासून लष्करी कायदा लागू झाला, तो जूनअखेर उठला. तेव्हा सीमेवर युद्ध नव्हते. पण पेठापेठांतून फौज फिरते आहे, डोक्यावरच्या गांधी टोपीसाठी मार बसतो आहे, झेंडा लावला म्हणून माणूस तुरुंगात जातो आहे, अशा गावाला युद्ध म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. ‘कर्मयोगी’ पत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे यांना याच लष्करी कायद्याखाली सक्तमजुरी झाली.

त्याच धरपकडीत अब्दुल रसूल कुर्बान हुसेन पकडले गेले. विशीतला हा तरुण ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत होता, गिरणी कामगारांमध्ये वावरत होता आणि हिंदू-मुसलमानांनी एकत्र राहावे म्हणून लिहीत-बोलत होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्याबरोबर त्यांच्यावर पोलिसांच्या खुनाचा खटला चालला. १९३०ची दिवाळी चौघांनी तुरुंगात काढली. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी दिले. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे ते दिवस.

कागदावर कुठेही असे लिहिलेले नाही की एका संपादकाला फाशी दिले. कागदावर आहे तो खुनी जमावातला आरोपी. अल-शरीफच्या नावापुढे जे लावले गेले ते वाचताना आम्हाला म्हणूनच आपल्या गावाचा इतिहास आठवला. दोन्ही प्रकरणे सारखी आहेत, असे आमचे म्हणणे नाही. सोलापुरात निदान खटला तरी चालला, गाझात थेट आकाशातून मृत्यू आला. पण बातमी देणाऱ्याला मारताना त्याचा पेशा आधी काढून घ्यायचा, ही रीत जुनी आहे. सप्टेंबर १८५७मध्ये दिल्ली परत जिंकल्यावर इंग्रजांनी ‘देहली उर्दू अखबार’चे मौलवी मोहम्मद बाकर यांना मारले, तेही बंडवाले म्हणून.

आणि आपण? आपण कुर्बान हुसेन यांना हुतात्मा म्हणून डोक्यावर घेतले. संपादक म्हणून मात्र विसरलो. शहरात या चौघांचे जे चार पुतळे आहेत, त्यांच्यापाशी रोज हजारो माणसे रिक्षा पकडतात, त्यांतल्या किती जणांना ‘गझनफर’ हे नाव ठाऊक असेल? आमच्या मते हे विसरणे साधे नाही. पत्रकार मारला जाण्यात गावाचे नेमके काय जाते, हे त्यामुळे आपल्याला कळेनासे झाले आहे.

काय जाते, याचे उत्तर सोलापूरच्याच दुसऱ्या सुपुत्राकडे आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस दुसऱ्यांच्या युद्धात चिनी जखमींवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी गेले. त्यांची गोष्ट घराघरांत पोचली ती ख्वाजा अहमद अब्बास या पत्रकाराने पुस्तक लिहिले म्हणून. व्ही. शांताराम यांचा १९४६चा चित्रपट त्यावरूनच आला. लिहिणाराच नसता तर डॉक्टरांचे नाव चीनमधल्या एका कबरीपुरते उरले असते. गाझात परदेशी पत्रकारांना मोकळेपणाने जाऊ दिलेले नाही. तिथले लिहिणारे स्थानिकच. तेही उपाशी, तेही घर हरवलेले. ते संपले की सांगणारेही संपले. २०२४ या एका वर्षात जगभरात किमान १२४ पत्रकार आणि माध्यमकर्मी मारले गेले, त्यांतले सुमारे ७० टक्के इस्रायली लष्कराच्या हातून. वर उल्लेखलेल्या संस्थेने मोजदाद सुरू केल्यापासून तोवर इतका मोठा आकडा कधी आला नव्हता.

आपल्या छायाचित्रकार दानिश सिद्दीकीने दिल्लीच्या स्मशानांतल्या चितांची छायाचित्रे काढली आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेत सरकारी आकड्यांपलीकडचे सत्य देशाला दिसले. काही आठवड्यांतच, १६ जुलै २०२१ रोजी, तो अफगाणिस्तानात स्पिन बोल्दाकला मारला गेला. आणि युद्ध नसलेल्या कोकणात, राजापूरला, फेब्रुवारी २०२३मध्ये पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. रिफायनरीच्या वादावरची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. आधी अपघात म्हटले गेले, खुनाचा गुन्हा नंतर दाखल झाला.

जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पुरवणीत युद्धातला पत्रकार हा नागरिक मानला आहे, त्याला नागरिकाचेच संरक्षण आहे. मालीत दोन फ्रेंच माध्यमकर्मी मारले गेले तो २ नोव्हेंबर संयुक्त राष्ट्रांनी पत्रकारांवरील गुन्ह्यांना शिक्षा व्हावी यासाठी पाळायचा ठरवला. तो दिवाळीच्या आगेमागेच येतो. कायदा आहे, दिवस आहे, शिक्षा मात्र क्वचित होते.

सोलापूरपुरते बोलायचे तर आमची एक मागणी आहे. ६ जानेवारीला ‘दर्पण’ची आठवण म्हणून आपण पत्रकार दिन साजरा करतो. बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार, भाषणे, सत्कार. सहा दिवसांनी १२ जानेवारी येतो, तेव्हा चार पुतळ्यांना हार घालायला पुढारी येतात. येत्या पत्रकार दिनी शहरातल्या सगळ्या वृत्तपत्रांनी, वाहिन्यांनी, मोबाइलवरून बातमी पाठवणाऱ्या तालुक्याच्या वार्ताहरांनीही, आधी चार पुतळ्यांपाशी जमावे आणि ‘गझनफर’च्या संपादकाला पहिला हार घालावा. तिथेच त्या वर्षी मारल्या गेलेल्या पत्रकारांची नावे मोठ्याने वाचावीत, गाझाची, युक्रेनची, सुदानची, आपल्या राज्यातलीही. यादी लांब असेल, वेळ लागेल. सत्काराचा कार्यक्रम त्यानंतर ठेवता येईल.