आयत्या पुडीचा अभिमान

दिवाळीत चकलीची भाजणी घरी भाजली, तर सुगरणीचे कौतुक. पण त्याच घरातल्या मुलाने कृष्णधवल फोटो धुण्याचे रसायन स्वतः करायला घेतले, की सगळे घर त्याच्यावर तुटून पडते. "बाजारात तयार पुडी मिळते ना?" हा कुठला न्याय?

म्हणे, हे कंपनीचे शास्त्र! अहो, कसले आले आहे त्यात गुपित? कोडॅकच्या 'डी-७६'ची कृती कधीपासून जगजाहीर आहे. मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम आणि सारे मिळून १ लिटर होईल इतके पाणी. मेटॉल आधी घालायचे. सल्फाइटच्या दाट पाण्यात ते नीट विरघळत नाही. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन प्रकाश लागलेल्या कणांची चांदी करतात, बोरॅक्स त्यांना चालना देतो, सल्फाइट त्यांना हवेपासून जपते. पुडी फोडून ओतणाऱ्याला यातले काय कळते? शाळांतूनही हायपोचे सूत्र घोकून घेतात. पण प्रकाश न लागलेले क्षार तो विरघळवून नेतो, म्हणून फोटो टिकतो, हे मुलाला डोळ्यांनी पाहू देत नाहीत.

कोणी म्हणेल, ही विषारी द्रव्ये आहेत. आहेतच! मेटॉलने कातडीला पुरळ येतो. म्हणून हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, भांडी वेगळी ठेवा, मुलाजवळ मोठ्या माणसाने उभे राहा. आणि पुडीत काय साखर असते?

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा आम्हां नाशिककरांना केवढा अभिमान! पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारकही आहे. पण १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी सरस्वतीबाईंनी कंपनीचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला भोके पाडली, रसायने कालवली, फिल्म धुतली, हे किती घरांत सांगतात? त्या बाईला कोणी तयार पुडी आणून दिली नव्हती.

फिल्म घरी होत नाही, हे कबूल. उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला. आज तोही बंद आहे. कारखाना गेला की त्याचा माल गेला. मग जे आपल्या हाताने होते, तेही दुकानदाराच्या मर्जीवर का सोडावे?

यंदा पाडव्याला मुलाला जुना कॅमेरा घेऊन देणार असाल, तर सोबत ग्रॅम मोजणारा एक काटाही द्या.