तलवार की म्यान?

मर्लिनने आर्थरला एकदा विचारले होते, तुला अधिक काय आवडते, तलवार की म्यान? आर्थरने तलवार म्हटले. मर्लिनने त्याला वेड्यात काढले. हे म्यान अशा दहा तलवारींच्या मोलाचे आहे, ते कमरेला असेतो कितीही घाव झाले तरी तुझे रक्त वाहणार नाही, असे त्याने बजावले. १४८५ साली कॅक्स्टनने छापलेल्या टॉमस मॅलरीच्या 'ल मॉर्त दार्थर'मधील हा प्रसंग. व्हिडिओ गेममधल्या एक्सकॅलिबरचे खरे सामर्थ्य किती, यावर तरुण मंडळींचा वाद रंगतो तेव्हा आम्हांस तो हटकून आठवतो. वादातले दोन्ही पक्ष आर्थरच्याच बाजूचे असतात.

या वादाकडे साहित्याच्या अध्यापकांनी नाक मुरडावे असे मात्र आम्हांस वाटत नाही. 'खरी शक्ती' कोणती असे विचारणारा विद्यार्थी नकळत पाठभेद आणि प्रामाण्य यांबद्दलच बोलत असतो. याच विषयांवर वर्गात एरवी जांभया ऐकू येतात.

खेळांची अडचण अशी, की त्यांत शस्त्राला आकडा द्यावाच लागतो. १९८७ साली जपानमध्ये आलेल्या 'फायनल फँटसी'त एक बुटका लोहार एक्सकॅलिबर घडवून देतो, पण त्याच खेळातली मासामुने ही तलवार तिच्याहून वरचढ आहे. मासामुने हे जपानमधील एका थोर तलवार-कारागिराचे नाव. म्हणजे मध्ययुगीन ब्रिटनची आख्यायिका आणि जपानी लोहारकामाची कीर्ती एकाच कोष्टकात शेजारी बसतात आणि बेरीज-वजाबाकीने निकाल लागतो. निष्ठावंत वाचक संतापतो, मूळ कथेत असे नाही म्हणतो.

पण मूळ कथा म्हणजे कोणती? बाराव्या शतकातील जेफ्री ऑफ मॉन्मथकडे ती कॅलिबर्नस आहे, अ‍ॅव्हलॉन बेटावर घडलेली. तिथे ना दगड, ना सरोवर. क्रेतियाँ द त्रुवाच्या काव्यात ती गवेनच्या कमरेला आहे. खुद्द मॅलरीने दोन तलवारींना हे एकच नाव दिले आहे. पहिली दगडातून उपसलेली. आर्थरची ती तलवार एका द्वंद्वात चक्क मोडते. दुसरी सरोवरातून मिळालेली. तलवारीतून प्रकाशाचा झोत निघतो म्हणून आजच्या खेळांना हसणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की मॅलरीच्या एका लढाईत ती तीस मशालींसारखी उजळून शत्रूचे डोळे दिपवते.

'फायनल फँटसी'च्या १९९२ सालच्या पाचव्या भागात गिल्गामेश नावाचा एक बढाईखोर योद्धा एक्सकॅलिबर समजून तिची नक्कल घेऊन मिरवतो. त्या तलवारीच्या प्रत्येक वाराने इजा होते ती फक्त १. ही जपानी थट्टा आहे खरी. पण मॅलरीकडेही मॉर्गन ल फे हेच करते. आर्थरच्या हाती ती बनावट तलवार देते आणि अस्सल तलवार म्यानासह आपला प्रियकर अ‍ॅकोलॉन याला. राजा रक्तबंबाळ होतो, प्रतिस्पर्ध्याचे मात्र रक्त सांडत नाही. राजाला संशय येतो तो त्यावरूनच.

पुढे आर्थर झोपेतही नंगी तलवार मुठीत धरतो. म्हणून मॉर्गनला म्यान तेवढे पळवता येते आणि पाठलाग होताच ती ते पाण्यात फेकून देते. हे म्यान गांभीर्याने घेणारा एक खेळ आम्हांस ठाऊक आहे: 'फेट/स्टे नाइट', २००४. त्यात आर्थर स्त्री आहे, तलवार डोळे दिपवणारे झोत सोडते, मॅलरीच्या अभ्यासकाला घाम फुटावा असे बरेच काही आहे. पण हरवलेले म्यान एका सामान्य मुलाच्या देहात दडलेले असते, त्याच्या जखमा भरून काढते आणि ते परत केल्यावाचून कथेची एक वाट पुरी होत नाही. मॅलरीचे इतके बारकाईने वाचन आम्ही कित्येक परीक्षोपयोगी टिपणांतही पाहिलेले नाही.

आमचे म्हणणे असे, की एक्सकॅलिबरची शक्ती तिच्या धारेत नाही, तिच्यासोबत आलेल्या अटींत आहे. ती मिळते, पण मालकीची होत नाही. आपल्याकडे गांडीवाचे तेच झाले. मौसलपर्वात अर्जुनाला लुटारूंसमोर ते धड पेलवेना, अस्त्रे आठवेनात. पुढे अग्नीच्या सांगण्यावरून ते पाण्यात सोडावे लागले. कोणत्या कोष्टकात हा उतार मांडणार? २०००च्या नवव्या 'फायनल फँटसी'ने अट घातली खरी, पण ती घड्याळाची: १२ तासांच्या आत शेवटच्या टप्प्यात पोहोचा, तर एक्सकॅलिबर दुसरी मिळेल. म्हणजे कथेत रेंगाळणारा अपात्र! ही अट आम्हांस फार झोंबते.

मॅलरीचा आर्थर मॉर्ड्रेडला मारतो तो भाल्याने. शेवटी तो मरणाच्या दारी पडलेला असताना तलवार जवळच असते, म्यान नसते. ती पाण्यात टाकून ये, असे तो बेडिव्हिअरला सांगतो. बेडिव्हिअर दोनदा ती लपवून परततो आणि टाकली म्हणून खोटे सांगतो. मुठीवरची रत्ने पाहून त्याचा जीव खालीवर होतो. इतकी मोलाची वस्तू पाण्यात घालून कोणाचे भले होणार, असा त्याचा हिशेब. तिसऱ्या खेपेला राजा त्याच्यावर संतापतो, तेव्हा कुठे तो ती भिरकावतो, आणि पाण्यातून एक हात वर येतो.