'सामोपचाराने घ्या', पण कुणी?

परवा तहसीलच्या आवारात एक ओळखीच्या वहिनी भेटल्या. नवरा वारलेला, पोरगं शिकतंय. शेजाऱ्यानं बांध कोरत कोरत दोन सऱ्या आत घेतल्यात. त्यांनी मोजणीचा अर्ज केला, तर गावातली चार शहाणी माणसं त्यांच्याच घरी. "वहिनी, सामोपचारानं घ्या. रोज एकमेकांची तोंडं बघायचीत." बांध कोरणाऱ्याच्या दारात मात्र कुणी गेलं नाही.

हा शब्द मीही बातमीत वीस वर्षं वापरतोय. "अखेर सामोपचाराने वादावर पडदा." पण पडदा पाडताना कुणाचं किती गेलं, हे एकदाही लिहिलं नाही. चूक माझीच.

मुळात शब्द काय सांगतो बघा. साम, दाम, दंड, भेद हे राज्य चालवणाऱ्याचे उपाय. ज्याच्या हातात दंड आहे, त्यानं तो उगारण्याआधी गोडीनं बोलून बघायचं, ते साम. म्हणजे सामोपचार हे बळ असलेल्याचं काम. आपण ते उचलून ज्याच्याकडं काहीच नाही त्याच्या गळ्यात घातलं. तडजोडीत दोघंही थोडं थोडं सोडतात. नमतं घेण्यात एकच सोडतो, पण निदान स्वतःच्या मनानं. 'मिटवून टाका' म्हणणाऱ्याचं तर काहीच जात नाही!

आर. आर. आबा गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. हेतू चांगलाच होता, कोर्टाच्या चकरा वाचल्या, हे मान्य. पण बक्षीस डोळ्यासमोर असलं की तक्रार करणाराच गावाचा वैरी ठरतो, हेही आम्ही पाहिलंय.

मिटवायचंच असेल तर दाखल दावा लोकअदालतीत नेता येतो. पण तिथंही दोघांची संमती लागते आणि झालेल्या निवाड्यावर अपील नसतं. त्यामुळं "सही करा हो, बघू नंतर" असं कुणी म्हणालं तर आधी कागद वाचून घ्या.

वहिनींनी अर्ज मागं घेतलेला नाही. मोजणीला मी बांधावर जाणार आहे. त्या चौघांनीही यावं, आणि या वेळी आधी शेजाऱ्याच्या घरी चहा घ्यावा.