हे काम माझं नव्हे!

आमच्या धंद्यात 'मला हे येत नाही' असं कुणी सहसा म्हणत नाही. डॉक्टर लोकांचं बरं असतं. गल्लीतला फॅमिली डॉक्टर छातीत दुखतंय म्हटलं की चिठ्ठी लिहून मोठ्या डॉक्टरकडे पाठवतो, आणि पेशंटचा त्याच्यावरचा विश्वास उलट वाढतो. वकिलाने तसं केलं की गावात बोलणं सुरू, "याला जमलं नाही वाटतं!" मग पाटीवर दिवाणी, फौजदारी, महसूल सगळं रंगवायचं आणि दारात येईल ती केस घ्यायची. तालुक्याच्या कोर्टात पोटही असतंच ना.

मला मात्र हे पटत नाही. का ते सांगतो.

मध्यंतरी एक काकू आल्या. त्यांच्या घरचे वाटपाचे दावे सासऱ्यांच्या वेळेपासून माझ्याकडेच. काकांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, नंतर प्रकृती बिघडत गेली आणि ते गेले. दवाखान्याचा हलगर्जीपणा झाला असं काकूंचं म्हणणं. "वकीलसाहेब, तुम्हीच लढा. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

माझी हयात सातबारा, फेरफार आणि मनाईहुकूम यात गेलेली. केसपेपर चाळले. त्यातलं काय आहे हे थोडंफार कळलं, पण काय नाहीये ते मला कळेना. आणि अशा केसमध्ये नेमकं तेच कळावं लागतं.

वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाने 1995 साली व्ही. पी. शांता प्रकरणात सांगितलं. प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हेही 2010 साली किशन राव प्रकरणात सांगितलं. पण कुठे लागतं आणि कुठे नाही हे ओळखणं म्हणजेच त्या कामाचा अनुभव, आणि तो माझ्यापाशी नाही. शिवाय ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं. काकूंची पावणेदोन उलटलेली. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो म्हणा, पण त्या भरवशावर कुणी बसू नये. उरलेल्या तीन महिन्यांत मी वैद्यकशास्त्र शिकायचं आणि शिकण्याचा खर्च काकूंनी सोसायचा, हा कुठला न्याय?

कुणी म्हणेल, बार कौन्सिलचा नियमच आहे, योग्य फी मिळत असेल तर वकिलाने काम नाकारू नये. खरं आहे. पण विशेष कारण असेल तर नाकारता येतं, असंही त्याच नियमात आहे. त्या कामाचा अनुभव नसणं याहून विशेष कारण ते कोणतं?

आणखी एक गंमत बघा. डॉक्टर ग्राहक कायद्यात, पण वकिलाची सेवा त्यात येत नाही असा निकाल सुप्रीम कोर्टाने 2024 साली दिला. म्हणजे काकू डॉक्टरला आयोगात खेचू शकतात, मी केस बिघडवली तर मला नाही! दाद मागायच्या बाकीच्या वाटा आहेत, पण त्या काकूंना झेपणाऱ्या नाहीत. बाहेरून धाक कमी असला की आतून जास्त लागतो, असं आपलं माझं मत.

अर्थात कटकटीचा पक्षकार दुसऱ्याच्या गळ्यात मारणं म्हणजे केस सोपवणं नव्हे. पाठवल्याबद्दल वाटा मागणं तर नाहीच नाही. कट प्रॅक्टिसवरून डॉक्टरांना नावं ठेवायला आपण सगळ्यात पुढे असतो! सोपवायची तर वकीलपत्रावर सही होण्याआधी सोपवावी. नंतर वेळ आलीच तर पक्षकाराला पुरेशी आगाऊ सूचना द्यावी, न केलेल्या कामाची फी परत करावी आणि कागद तर आधी द्यावेत. फी थकली म्हणून फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच सांगून ठेवलंय.

काकूंना मी जिल्ह्याच्या ठिकाणी अशा केसेस चालवणाऱ्या एका वकीलबाईंकडे पाठवलं. तारखांचा तक्ता करून दिला, वर मुदतीचा शेवटचा दिवस लाल शाईने लिहिला. काकूंना वाईट वाटलं. "गरिबाची केस म्हणून झटकली" असंही त्या बोलल्या म्हणे. बोलोत. त्यांचा भरवसा माझ्या माणूसपणावर होता, दवाखान्याच्या केसेसमधल्या अनुभवावर नव्हता. तो फरक त्यांना कळणं शक्य नव्हतं, मला कळत होता. म्हणून निर्णयही मीच घ्यायला हवा होता.

असो. तुम्ही वकील असाल तर हे कदाचित पटणार नाही. पण पक्षकार असाल तर पहिल्याच भेटीत एक प्रश्न जरूर विचारा, "साहेब, अशा किती केसेस चालवल्यात तुम्ही?" चांगला वकील या प्रश्नावर रागवत नाही. जो रागावेल, त्याच्या वकीलपत्रावर सही करण्याआधी एक रात्र जाऊ द्या.